अहो, ऐकताय ना?

आईशप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे! आणि आई आता नाही म्हणून तिची शप्पथ स्वस्त झाली, असं कुणी म्हणायचं नाही. मगरीच्या गोष्टीला हसलात तसं हसायचंही नाही. ती मगर वेगळी. ही गोष्ट माझ्या आईची न् तिच्या टीव्हीची, आणि हिच्यात पाणी घातलेलं नाही.

तेव्हा मी सत्तावन्नची. टेलिफोन एक्स्चेंजमधून नुकतीच रिटायर झालेली. तीस वर्षं फोनच्या तारांत गेली. साहेब केबिनमधून घरी फोनवर बोलत असले, की त्यांची एक बाजू ऐकून पलीकडून बाईसाहेब काय म्हणताहेत ते मी जसंच्या तसं सांगायचे. त्याचा मला केवढा तोरा!

एक दिवस दादाचा फोन आला.

"आईच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी कळवलंय, आई एकटीच बोलत बसते. बाबांशी बोलते म्हणे. तू आठ दिवस जाऊन राहा न् काय ते सांग. तसंच असेल तर एकटीला ठेवायला नको. मी वृद्धाश्रमात जागा बघून ठेवलीय."

बाबांना जाऊन चार वर्षं झालेली. मी लगेच बॅग भरली.

गेले. जिन्यात आधी टीव्ही ऐकू आला, मग दार उघडलं न् आई दिसली. आवाज असा, की कपाटातल्या कपबशा फेर धरत होत्या न् भिंतीवरची पाल कंटाळून दुसरीकडे बिऱ्हाड करायला निघाली होती. आणि टीव्ही ठेवलेला कुठे? खिडकीजवळची चांगली जागा सोडून पार कोपऱ्यात, शेजारच्या बिल्डिंगला लागून असलेल्या भिंतीला चिकटवून. बघायचं तर मान मोडायची.

"आई, हा इथे कशाला?"

"असू दे. बस तिथे. मधे बोलू नकोस."

झालं. रोज संध्याकाळी सहा ते आठ हेच. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात कप विसळत होते, तर बाहेरून आई म्हणाली, "अहो, ऐकताय ना? ती बॅग भरतेय हो. निळा कोट घातलाय. खांद्यात नीट बसलेला नाही."

मी नळ बंद केला. आईने उभ्या जन्मात 'अहो' म्हणून एकाच माणसाला हाक मारलेली! आणि बाबांना काय पडलंय कोटाच्या खांद्याचं? ते शर्ट उलटा घालून ऑफिसला जाऊन आलेले.

जरा थांबून आई हसली. "इश्श, काहीतरीच!"

मी लगेच दुसरी बाजू ओळखली. बाबा.

त्या दिवसापासून मी आईवर पहारा ठेवला. गॅस बंद केलास का? आज वार कोणता? गोळी घेतलीस?

"बुधवार," आई म्हणाली. "घेतली. आणि पेपर कधी तपासून देणार बाई? पास का नापास?"

एवढं फटाफट बोलणारी बाई संध्याकाळी गेलेल्या माणसाला कोटाचं माप सांगते! मला अन्न गोड लागेना. तो टीव्ही उचलून खिडकीतून फेकावा असं वाटायचं. पण तो चालू असला की ते दोन तास आश्रमाचा विषय काढावा लागायचा नाही, म्हणून त्याचे उपकारही वाटायचे. आणि खरं सांगू? मालिका लागली होती मला. बाबा होते तेव्हा टीव्ही म्हणजे फक्त बातम्या, मग त्यावर चादर टाकायची. मालिका म्हणजे रिकामटेकड्यांचा धंदा. त्यामुळे सत्तावन्नाव्या वर्षीही त्यांच्या खुर्चीत बसून बघताना मला चोरी केल्यासारखं व्हायचं.

सहाव्या दिवशी दादा म्हणाला, "उद्या नक्की सांग. आश्रमवाल्यांना किती दिवस अडवून ठेवू?"

सातव्या संध्याकाळी मालिकेतली निळ्या कोटवाली घर सोडून निघाली न् आई म्हणाली, "अहो, गेली हो ती!"

मला राहवेना. रिमोट ओढला न् टीव्ही बंद केला.

"आई, बाबा गेलेत! चार वर्षं झाली! कुणाशी बोलतेस तू?"

घर एकदम गप्प झालं. आणि त्या शांततेत भिंतीतून आवाज आला. टक टक.

म्हटलं, आले बाबा. आता चादर मागणार.

"दे तो रिमोट," आई म्हणाली. "त्यांचा खोळंबा होतोय. दोनदा टकटक म्हणजे, पुढे काय."

"कुणाचा खोळंबा?"

"पलीकडच्या शिंप्यांचा. दोन वर्षं झाली, डोळे गेले त्यांचे. ऐकू येतं, पण चित्र कोण सांगणार? मी सांगते. ते कात्रीने भिंतीवर वाजवतात. एकदा म्हणजे कळलं, तीनदा म्हणजे पुन्हा सांगा. मधेच ठेका धरून चावटपणाही करतात."

"अगं, मग 'अहो' काय!"

"मग काय 'अरे' म्हणू? माझ्याहून चार वर्षांनी मोठे आहेत!"

"इकडेच का नाही बोलवत त्यांना?"

"त्यांचा जिना वेगळा. तीन मजले उतरा, तीन चढा. त्यांना डोळे नाहीत, मला गुडघे नाहीत."

"मग मला सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे? तू वार विचारत होतीस." आईने टीव्ही लावला, पण बघितलं माझ्याकडे. टीव्हीचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "दादाने पाठवलंय तुला, एवढं कळतं मला. काय सांगणार आहेस त्याला? मी इथून गेले तर ती परत आली का नाही, हे त्यांना कोण सांगेल?"

टक टक.

"अहो, थांबा की," आई भिंतीला म्हणाली, "पोरगी आलीय माझी."

मी तिथूनच दादाला फोन लावला. "आईचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे. बाबांशी नाही, शेजारच्या शिंप्याशी बोलते ती."

"भिंतीतून?"

"भिंतीतून. खालच्या बाईंना एकच बाजू ऐकू येते." मलाही तेवढीच आली होती, पण हे काही मी त्याला सांगितलं नाही. "ती जागा सोडून दे. दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

आणि आठव्या दिवशी सकाळी बॅग भरून मी माझ्या घरी आले.

बरं बाई, बघू नका असे डोळे वटारून. हे शेवटचं तेवढं खोटं. आठव्या नाही, बाविसाव्या दिवशी निघाले. ती निळ्या कोटवाली परत येईपर्यंत माझा पाय निघाला असता होय?