खिडकीजवळचं वळण

आमच्या मागच्या खोलीत चार फळ्या जोडून त्यांवर बाबांनी खेळण्यातली रेल्वे मांडली आहे. 'खेळण्यातली' म्हटलेलं त्यांना चालत नाही, म्हणून मी मुद्दाम म्हणते. वीस वर्षं तिथे कामाची वाटणी ठरलेली: सरळ रूळ माझे, वळणं बाबांची. आणि पॉलिश पेपरने घासणं सगळं माझं.

रुळांखाली बाटलीच्या बुचासारख्या मऊ लाकडाच्या पट्ट्यांची गादी असते. सरळ रेषेत ती कोणीही चिकटवील. वळणावर पट्टी उभी चिरून दोन भाग करायचे, आधी आतला भाग पेन्सिलीच्या रेषेला धरून वाकवत न्यायचा, मग बाहेरचा. दोन्हींचे सांधे समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे उंचवटा होतो आणि गाडी घसरते. हे जमलं की बाबा खुशीत येऊन म्हणायचे, "हाताला वळण लागतं!" ते स्वतःच्याच हाताबद्दल. माझ्या हाताबद्दल त्यांनी ते कधीतरी म्हणावं, म्हणून मी वाट बघत होते.

गेल्या वर्षी बाबांचे हात थरथरायला लागले. खिडकीजवळचं मोठं वळण राहिलं होतं. आता ते माझंच, असं मी धरून चालले. बाबांनी ते माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला दिलं.

"जावईबापू दातांचे डॉक्टर आहेत," ते मला म्हणाले. "बारीक कामाची सवय आहे त्यांना."

"मग रुळांना कवळी बसवतील," मी म्हटलं. कोणी हसलं नाही.

माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? शनिवारी तो ओठांत टाचण्या धरून पट्टी वाकवत होता, बाबा त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले होते, आणि मी दोघांना चहा नेऊन देत होते. धाकटीचं लग्न माझ्या आधी झालं, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. या वळणाचं वाटलं.

रविवारपर्यंत गोंद सुकला. टाचण्या उपटून तो जेवायला बसला. या वळणाचं घासणंही त्यानेच, चहानंतर करायचं ठरलं. जेवून सगळे आडवे झाले आणि मी चूक शोधायला खोलीत शिरले. डोळे मिटून तळवा फिरवला. सापडली! बरोबर मधोमध, दोन सांधे समोरासमोर. बाबांचं बोट इथे अडखळणार, त्यांचा चेहरा पडणार! मला अगदी गुदगुल्या झाल्या.

पण तळवा पुन्हा पुन्हा तिथेच जायला लागला. दातात काही अडकलं की जीभ जाते ना, तसा. शेवटी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून मी एकदाच घासलं. मग आणखी एकदा. मग कडेचा उतार. भानावर आले तेव्हा सबंध वळण गुळगुळीत झालं होतं. काय म्हणावं मला!

चहानंतर डॉक्टरने खिशातून निळा कागद काढला. दात भरल्यावर चावायला देतात तो. वळणावर कागद पालथा ठेवून वरून सपाट ठोकळा फिरवायचा, म्हणजे उंच जागी गडद डाग उमटतो. त्याने कागद उचलला. कुठेही डाग नव्हता.

बाबांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाले, "जावईबापू, तुमच्या हाताला वळण आहे."

वीस वर्षं ज्या शब्दांची वाट बघितली, ते माझ्यादेखत दुसऱ्याला मिळाले. तेही माझ्या घासण्यावर.

डॉक्टर वाकून बघतच राहिला. भला माणूस आहे; तेही मला खुपतं. "नाही बाबा," तो म्हणाला, "मी अजून घासलंच नाही. हे कोणीतरी घासलंय." मग माझ्या ओढणीवरचा तपकिरी भुगा त्याला दिसला. "ताई, तुम्ही?"

मी बाबांकडे बघितलं. आता तरी.

"ती होय?" बाबा म्हणाले. त्यांचं बोट वळणावरच होतं. "ती घासतेच हो नेहमी. तुम्ही आता पुढचं, दारापाशीचं वळण कसं घ्यायचं ते सांगा."

मी ओढणी झटकली आणि कपबशा गोळा केल्या.