शेपटीवाल्या लाद्या

लादीकाकांच्या कारखान्यात माणसं दोनच, आणि त्यातलं एक गेल्या वर्षी गेलं. उरले काका. आता ते दाबयंत्राशी बोलतात, पण ते मेलं नुसतं कुरकुरतं.

काम मात्र दोघांचं होतं. काका साच्यातल्या फुलांच्या नक्षीच्या पितळी जाळीच्या खणांत पळीने ओला रंग ओतायचे आणि काकू जाळी अलगद वर उचलायच्या. अलगद म्हणजे काकूंच्या मते! त्या डावखुऱ्या. उचलताना हात हटकून झुकायचा आणि निळ्या पाकळीला बारीकशी शेपूट फुटायची.

"पुन्हा शेपूट!" काका ओरडायचे.

"अहो, लादी पायाखाली जाते, डोक्यावर नाही," काकू तितक्याच जोरात म्हणायच्या.

तसल्या लाद्या काका बाजूला काढायचे. त्यांतूनच दोघांच्या स्वयंपाकघराची जमीन झाली.

एके दुपारी एक चष्मेवाली मुलगी लादीचा तुकडा घेऊन आली. "काका, आमच्या तीन लाद्या फुटल्यात. अगदी अश्शाच हव्यात. शेपटीसकट!"

काका बघतच राहिले. "ही तुमच्याकडे गेलीच कशी?"

"काकूंनी दिली. बाबा सांगतात, गाडी भरताना काकू चांगल्या लाद्यांत गुपचूप अशा खुपसायच्या. 'ह्यांना कळू देऊ नका' म्हणायच्या. आम्ही ह्या लाद्यांना मासे म्हणतो. माझा भाऊ माशांवर पाय टाकत टाकतच चालायला शिकला."

इतकी वर्षं! आणि आपल्याला पत्ता नाही! काकांना हसू फुटलं.

"आठ दिवसांनी ये," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातल्या तीन काढून देता आल्या असत्या, पण ते जिवावर आलं. शिवाय ती शेपूट एकदा आपल्या हातून उमटली, तर काकू शेजारी उभ्या असल्यासारखं वाटेल, अशी वेडी आशा होती.

उजव्या हाताने जाळी उचलली, तर पाकळी कशी अगदी कोरीव. डाव्या हाताने उचलली, तर हा भलामोठा फराटा. मासा कसला, केरसुणीच! एकोणीस लाद्या झाल्या. एकीतही काकू नव्हत्या.

आठव्या दिवशी सकाळी काकांनी छिन्नी-हातोडा घेतला. चुलीसमोरच्या तीन लाद्या त्यांनी इतक्या हळू सोडवल्या की कोणी झोपलंय असं वाटावं. मुलीने त्या छातीशी धरून नेल्या. "काका, हुबेहूब जमल्या हो!" काका नुसते मान हलवत राहिले.

रिकाम्या जागी त्यांनी आपल्या डाव्या हाताच्या तीन बसवल्या. चहूबाजूंनी मासे आणि मधे तीन केरसुण्या.

संध्याकाळी ताट घेऊन ते तिथेच बसले.

"पुन्हा शेपूट!" ते मोठ्याने म्हणाले.

घास हातात धरून त्यांनी जरा वेळ वाट पाहिली. मग आठवलं, नव्या लाद्यांखालचं चुना-सिमेंट अजून ओलं आहे. त्यांनी पाय हळूच मागे घेतले.