पद्मिनीबाईंचे हात

"नापास! पुन्हा नापास!" पलंगावर बसल्या बसल्याच दिवाकरराव ओरडले आणि सदऱ्यावर आलेला पत्नीचा हात त्यांनी दूर सारला. "दुसरंच बटन लावून राहिलो होतो, अन् तू धावली! मी तीन वर्षांचं पोट्टं आहो, समजलं? तुले फक्त पाहाचं आहे."

"तीन वर्षांच्या पोट्ट्याले एवढी मिशी राहते का जी?"

"मिशीवर नको जाऊ. तिकडं बस अन् हात मांडीखाली दाब."

रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात ही तालीम महिनाभर रोज सकाळी चालली होती. मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पद्मिनीबाईंनी विद्यापीठात मानवविकास आणि कुटुंब-अध्ययन या विषयासाठी नाव घातले होते. लेखी परीक्षेचे त्यांना भय नव्हते. अडले होते ते बालनिरीक्षणाच्या प्रात्यक्षिकात. विभागाच्या बालवाडीत एका मुलाजवळ बसायचे, ते काय करते ते पाहायचे आणि मध्ये पडायचे नाही, एवढाच नियम. गेल्या वर्षी पद्मिनीबाईंनी नेमून दिलेल्या मुलाचे नाक पुसले, त्याला घास भरवला आणि परीक्षक येईपर्यंत त्याला मांडीवर निजवले. मूल तृप्त होते; पद्मिनीबाई नापास झाल्या. यंदाची संधी शेवटची होती.

माया हा काही दोष नव्हे, असे कोणी म्हणेल. मलाही ते मान्य आहे. रडणारे मूल कोणाचे, हे विचारण्याआधी त्याला उचलून घेणाऱ्या माणसांत पद्मिनीबाई वाढल्या होत्या, आणि त्या रीतीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु जो हात सदैव पुढे असतो, तो पाहणाऱ्याच्या दृष्टीच्या आडही येतो, हेही तितकेच खरे. गेल्या हिवाळ्यात अर्धांगाच्या झटक्याने दिवाकररावांचा उजवा हात दुबळा झाला, तेव्हापासून त्यांची बटणे, भांग, घास सारे पद्मिनीबाईंकडेच होते. म्हणूनच तालमीसाठी ते आपण होऊन बालक झाले होते. महिनाभरात तिसऱ्या बटणापर्यंत मात्र ते एकदाही पोचले नव्हते.

परीक्षेच्या दिवशी शर्मिष्ठा मॅडमनी, वयाने पद्मिनीबाईंच्या मुलाएवढ्याच असलेल्या अध्यापिकेने, दारातच बजावले, "काकू, इस बार हाथ नहीं लगाना हं!"

समोर निधी नावाची चिमुरडी चपलेच्या पट्ट्याशी झुंजत होती. पट्टा कडीत शिरत नव्हता.

"आंटी, लगा दो ना."

पद्मिनीबाईंनी हात मांडीखाली दाबले. "मी पाहून राहिली ना बेटा. तू कर."

निधीने चप्पल भिरकावली. तिने फुरंगटून भिंतीकडे तोंड केले, मग हळूच मान वळवून कोणी येते का ते पाहिले. कोणी येत नाहीसे दिसताच ती स्वतःच चप्पल घेऊन आली. या वेळी तिने पाय वर ओढला, पट्ट्याचे टोक दातांत धरले आणि दोन्ही हातांनी कडी पुढे रेटली. चप्पल चढली, भलत्या पायात.

"हो गया!" ती बदकासारखी डुलत निघून गेली. पद्मिनीबाईंचे डोळे भरले. हात जागचे हलले नाहीत.

त्या घरी परतल्या तेव्हा दिवाकरराव नवा सदरा अंगात घालून बसले होते.

"काय झालं?"

"पास!"

"वा रे पोट्टी! चाल मंग, तलावाकडं जाऊन भजे खाऊ."

"थांबा, बटनं लावून देते. तालीम सरली आता."

दिवाकरराव ओरडले नाहीत. त्यांनी सदऱ्याची कड हनुवटीखाली धरली होती आणि डाव्या हाताने ते बटण रेटत होते. क्षणभर त्यांनी मान वर करून पत्नीकडे पाहिले. ती नजर पद्मिनीबाईंनी त्याच दिवशी बालवाडीत पाहिली होती. त्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी हात मांडीखाली घातले.

चहा उकळून निवेल इतका वेळ गेला. तिसरे बटण लागले, मग चौथे, मग शेवटचेही.

"झालं," दिवाकरराव म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी पानवाल्या शंकरने हाक मारली, "भैया, बटन ऊपर-नीचे हो गया है!"

"अबे, राजधानी झाल्यापासून सारं रायपूर वरखाली खोदून ठेवलं, त्याले कोणी बोलत नाही. माझ्याच सदऱ्याकडं काहून पाहून राहिला?"

शंकर हसला. पद्मिनीबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि, एक कड वर व एक खाली लोंबणारा तो सदरा पाहत, त्या दोन पावले मागून चालत राहिल्या.