पुंडलिकशेठचे नाव आणि मी

माझ्या पुढच्या फळीवर एक खाच आहे. तिची खोली करंगळीच्या नखाएवढी, पण डाव्या टोकाला किंचित जास्त. ती कोणी मुद्दाम पाडलेली नाही. गठ्ठा बांधताना तार नेहमी त्याच जागेवरून ओढली जायची, आणि ओढणारे बहुतेक उजव्या हाताचे होते. सागवान तारेपेक्षा मऊ असते, म्हणून एका बाजूने अधिक झिजले. त्या खाचेचे कारण एवढेच.

मित्रांनो, मी गवत दाबण्याचे एक जुने प्रेस आहे. उमरोळीजवळच्या माळावर, पत्र्याच्या छपराखाली माझी जागा. सागवानी पेटी, वर लोखंडी झाकण आणि मधोमध जाड स्क्रू. चार माणसे दांडे ढकलत माझ्याभोवती फिरली की झाकण खाली येई आणि पेटीतले सुके गवत आक्रसून चौकोनी गठ्ठा होई. लोकांना वाटे की मी गवत लहान करते. तसे काही नसते. गवत तेवढेच राहते, फक्त त्यातली हवा निघून जाते. हे गठ्ठे पालघर स्टेशनवरून वॅगनमध्ये चढत आणि मुंबईच्या म्हशींच्या तबेल्यात जात. सुटे गवत नेण्यापेक्षा भाडे निम्म्याहून कमी पडे. दर खंडेनवमीला मला झेंडूची माळ मिळे आणि माझ्या स्क्रूला तेल लागे.

आयुष्यभर हवा काढण्याचे काम केल्यामुळे मला हवेची पारख आहे. माझा मालक पुंडलिकशेठ याच्यात ही हवा पुष्कळ होती.

तारापूरला वीजकेंद्राचे काम निघाले, तेव्हा त्याला गवत क्षुल्लक वाटू लागले. त्याने कर्ज काढून ट्रक घेतला, खडी वाहण्याचा ठेका घेतला आणि पांढरे बूट घेतले. ठेक्यात खोट आली. ती भरायला तो बोईसरच्या रामकिसन दुकानदाराकडून तार आणि डिझेल उधार आणू लागला. १९६६ च्या दिवाळीनंतर गवताची कापणी झाली, तिची मजुरीही त्याने थकवली.

कापणारी माणसे पूर्वेकडच्या डोंगरातली. जिवली त्यांची म्होरकी. पावसाळ्यापूर्वी शेठने दिलेली उचल या लोकांनी कापणीच्या पहिल्या आठवड्यांतच फेडली. उचलीच्या फेडीत शेठने कधी कोणाला सवलत दिली नव्हती. पुढचे काम मात्र उधारीवर झाले, कारण आता देणे शेठकडे होते आणि त्याला थांबणे सोयीचे वाटत होते.

"शेठ, संक्रांत झाली, होळी झाली," जिवली येऊन म्हणाली. "आता आमी काय खायाचा?"

"मी कुठे पळून जातो का?" शेठ म्हणाला. "माझं नाव सांगितलं की स्टेशनमास्तर वॅगन देतो."

"मंग नावच द्या शेठ. वाणी त्याच्यावर तांदूळ देतो काय, बघू आमी."

बरोबरची माणसे हसली. शेठने बुटांवरची धूळ झटकली आणि तो छपराबाहेर गेला.

सर्वांत आधी ट्रक गेला. कर्ज देणाऱ्याची माणसे एका सकाळी आली आणि घेऊन गेली, कारण ट्रक त्या कर्जाला तारण होता. मित्रांनो, ज्याच्याकडे तारण असते त्याला रांगेत उभे राहावे लागत नाही. तो आपली वस्तू उचलतो. बाकी सगळ्या धनकोंसाठी, म्हणजे ज्यांचे येणे आहे त्यांच्यासाठी, जे उरते ते उरते. इथे उरले होते एकच: मी. मला कोणाकडे तारण ठेवलेले नव्हते. मला तारण घ्यावे असे कोणाला वाटलेच नव्हते.

मग शेठने वकिलांना छपरात बोलावले. घरी बोलावले असते तर शेजाऱ्यांनी पाहिले असते. वकील माझ्या फळीवर रुमाल टाकून बसले.

"नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करा," ते म्हणाले. "कोर्ट तुमची मालमत्ता ताब्यात घेईल, विकेल आणि वाटेल. सरकारी देणं आणि मजुरांची मजुरी आधी. मग बाकीचे, सगळ्यांना सारख्या प्रमाणात."

"मजुरांची किती?"

"माणशी वीस रुपयांपर्यंत. आणि अर्जाच्या आधीच्या चार महिन्यांतल्या कामाचीच. त्याआधीचं काम पहिल्या रांगेत बसत नाही. म्हणून सांगतो, लवकर करा. कापणी संपून किती काळ झाला ते तुम्हालाच ठाऊक. आज केलात तर त्यांचे वीस वीस रुपये बसतात."

वीस रुपये! कायदा करणाऱ्याने उन्हात गवत कापलेले नसावे. पण निदान रांगेत त्यांना पुढे उभे करण्याइतकी समज त्याला होती. शेठला तेवढीही नव्हती. त्याला एकच शब्द बोचत होता.

"नादार म्हटलं की पालघरात तोंड दाखवायला जागा नाही," तो म्हणाला. "विचार करून सांगतो."

तो विचार करत राहिला. त्याच्या विचाराचा प्रत्येक दिवस मजुरांच्या कामाचा एक दिवस रांगेतून मागे ढकलत होता. त्याला हे सांगितले होते, तरीही. माणसे भीतीला प्रतिष्ठा म्हणतात, हे मी त्या दिवसांत जवळून पाहिले.

रामकिसनला वास लागलाच. तो आला, त्याने माझा स्क्रू बोटाने वाजवून पाहिला आणि गोड आवाजात बोलला.

"पुंडलिकराव, तुमचं नाव म्हणजे नाणं. ते कशाला कोर्टात मळवायचं? हे प्रेस मला देऊन टाका. माझं येणं फिटलं म्हणतो."

"आणि मी नंतर अर्ज केला तर?"

"तीन महिन्यांच्या आत केलात तर कोर्ट हे माझ्याकडून परत घेईल. एकालाच दिलं म्हणून. तेवढे तीन महिने गप्प बसा. पुढं करा काय करायचं ते."

तीन महिन्यांनी कापणीचा एकही दिवस कायद्याच्या त्या चार महिन्यांत उरणार नव्हता. मीही इथे नसणार होते. म्हणजे वाटायलाच काही नाही. शेठला हे कळत होते. त्याने मान हलवली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे शेवटी आपली निगा राखायला सांगतात. मी सांगणार नाही. मला विका. भंगारात गेले तरी चालेल. पण देणे फिटत नसेल तर ते तोंडाने सांगा आणि वेळेवर सांगा, म्हणजे ज्याच्या घामाचे आहे त्याला निदान काही मिळेल. गप्प राहणाऱ्याला अब्रूदार समजू नका.

ठरलेल्या सकाळी रामकिसन बैलगाडी घेऊन आला. त्याच सकाळी जिवली आणि तिची माणसे मजुरी मागायला आली होती. तिचा नवरा मंगळ्या माझ्या दांड्यावर बसून विडी ओढत होता.

"बरं झालं," रामकिसन म्हणाला. "रिकामे बसलाय तर हे गाडीत चढवा."

"चढवू की," जिवली म्हणाली. "पैसे पहिले."

"ते मालक देतील. प्रेस त्यांचं."

सगळ्यांनी शेठकडे पाहिले. शेठने छाती काढली. "चढवा. माझ्या नावावर लावा."

जिवलीने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि ती हसत सुटली. मंगळ्याला हसता हसता ठसका लागला, तरी तो तिला म्हणाला,

"नावावर! अगं, अजून हाय काय त्याच्यावर जागा?"

गाडीवान हसला. आणि मग, तोंड फिरवून का होईना, रामकिसनही हसला. आठवड्यापूर्वी त्याच नावाला त्याने नाणे म्हटले होते.

ज्यासाठी शेठने इतके महिने दुसऱ्यांची मजुरी अडवली, ते नाव इथल्या बैलगाडीवाल्याच्या लेखीही उरलेले नव्हते. ही गोष्ट आजवर त्याच्याखेरीज सर्वांना माहीत होती; आता त्यालाही कळली. तो माझ्या फळीला टेकला. रामकिसन म्हणाला, "चला पुंडलिकराव, उशीर होतोय."

"गाडी परत न्या," शेठ म्हणाला.

"काय?"

"प्रेस कोणालाही मिळणार नाही. ते कोर्ट विकेल." त्याने घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटले, "माझ्याच्याने देणं फिटत नाही. मी नादार आहे. आजच अर्ज देतो. जिवली, तुझ्या माणसांची नावं सांग, ती पहिली लिहायची आहेत."