आठवी मात्रा

दुसऱ्याच्या श्वासाला आपल्या सोयीचे माप लावणे हे चोरीहूनही हीन कर्म मानावे लागेल. कारण चोराने नेलेली वस्तू निदान होती तशी तरी उरते. बोयकोच्या हातून घडले ते याच जातीचे होते, आणि त्याला त्याचा यत्किंचितही विषाद नव्हता.

मरित्सा नदीकाठच्या एका गावात नेवेनाचे लग्न होते. वधू उंबरठा ओलांडते तेव्हा गाइडा वाजली पाहिजे. चामड्याच्या पिशवीत फुंकर भरून वाजवायचे ते वाद्य नेवेनाचे वडील स्तामेन यांनी गावातल्या कितीतरी मुलींसाठी वाजवले होते. स्वतःच्या धाकट्या लेकीची वेळ आली तेव्हा फुफ्फुसांनी साथ सोडली. नेवेनाने बापाच्याच गाइडेच्या सुरावर घर सोडावे, एवढी एकच इच्छा त्यांना उरली होती. थोरली लेक झ्लातिना हिने त्यांच्या आजारापूर्वी राचेनित्सा नाचाची धून ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. ती आणि तिचा चुलतभाऊ बोयको लग्नसमारंभांत लॅपटॉपवर संगीत वाजवीत. फाइली निवडणे, आवाजाची पातळी सारखी करणे, ठोक्यांच्या खुणा घालणे हे तिचे काम. लॅपटॉपला जोडलेल्या कंट्रोलरच्या तबकड्या फिरवीत लोकांपुढे मिरवणे त्याचे.

दुपारी अंगणात टेबल मांडून तिने शेवटची तपासणी म्हणून ती फाइल लावली. राचेनित्सा सात मात्रांची: दोन, दोन आणि शेवटी ओढून तीन. इथे आठ होत्या. प्रत्येक आवर्तन कापून, ताणून त्याला आठवी मात्रा चिकटवली होती. गाइडेच्या अखंड सुराखाली ऐकू येणारा बाबांचा श्वासही पुसून टाकला होता. विटलेल्या दह्याचे भांडे नाकाशी यावे तसे तिने हेडफोन दूर सारले आणि कान बाहीने पुसले.

"बोयको, हे तू केलंस?"

"मग कोण करणार? अगं ताई, यंत्राला ठोकाच सापडत नव्हता. खाली ढोल जोडायला गेलो तर सगळी फरफट. चालच लंगडी! मी सरळ केली."

"लंगडी? आणि नाचणाऱ्यांनी पाय कुठे ठेवायचे?"

"दोन घोट राकिया पोटात गेली की पाय आपोआप पडतात."

"बाबांचा श्वास कुठाय?"

"ती सूं-सूं? कचरा होता गं, झाडून टाकला. एवढं काय तोंड वाकडं करतेस? काकांनाच विचारू की. ओ काका! इकडे या जरा, कसं वाटतंय सांगा."

झ्लातिनाने त्याचा हात धरला, पण त्याने कळ दाबली होती. स्तामेन द्राक्षवेलीच्या मांडवाखालून उठून, खुर्च्यांचा आधार घेत आले. डोके कलते ठेवून त्यांनी बराच वेळ ऐकले.

"कोण... वाजवतोय हा?" प्रत्येक शब्दाआड त्यांना थांबावे लागत होते.

बोयको हसला. "ओळखा!"

"आपल्या गावचा... नाही. मध्ये कुठे दमच घेत नाही." ते पुन्हा थांबले. "मेलाय का रे... बिचारा?"

बोयकोचे हसू ओठांवरच राहिले. झ्लातिनाने आवाज बंद केला. भावाच्या चेहऱ्याकडे पाहवेना. त्याच्या बोटांतल्या अंगठ्यांचीही तिला किळस आली.

"बाबा, ही चुकीची फाइल होती. तुम्ही बसा," ती म्हणाली.

मूळ ध्वनिमुद्रण तिच्या स्वतःच्या डिस्कवर शाबूत होते. पण तेवढ्याने भागणार नव्हते. कोणतीही धून चढवली की ती आपोआप ढोलाच्या ठोक्याला बांधली जावी, अशी सोय बोयकोने कंट्रोलरमध्ये करून ठेवली होती. मूळ धूनही तशीच फरफटली असती. तिने ती बांधणी सोडवली, वेग मूळ जागी कुलूपबंद केला, आणि धून जिथून वाजणार होती त्या डाव्या बाजूच्या एकेका कळीचे काम काढून घेतले.

"अगं, मग मी काय करू? पाहुण्यांसमोर नुसता उभा राहू, खांबासारखा?"

"हात खिशात घाल. आणि ते स्वच्छ नाहीत, तेव्हा बाहेर काढू नकोस."

"ताई, तू फार बोलतेस हं."

"अजून बोललेच नाही."

नेवेना दारात आली. झ्लातिनाने उजव्या बाजूचा ढोल बंद ठेवून बाबांची धून सुरू केली. दोन, दोन, तीन. सुराखालून जुना, भरदार श्वास अंगणभर पसरला. म्हाताऱ्या बायकांनी हात धरून साखळी केली. मागची तरुण मुले पहिल्या आवर्तनात अडखळली आणि हसत पुढच्यांच्या पायांकडे पाहू लागली. नेवेनाने उंबरठ्यावरून वडिलांकडे पाहिले आणि पाऊल बाहेर टाकले. स्तामेन खुर्चीत बसून, त्या श्वासाबरोबर आपला श्वास घेण्याचा प्रयत्न करीत होते. कधी जमे, कधी मागे पडे.

नाच रंगात आला तेव्हा सवयीने बोयकोचा हात खिशातून निघून डाव्या कळीवर पडला. काहीच झाले नाही. त्याने दोनदा दाबून पाहिले, मग हात मागे घेतला.

नेवेनाचा संसार सुखाचा होवो. स्तामेन यांच्या वाट्याला जेवढे श्वास उरले असतील, ते कष्टावाचून येवोत. आणि बोयकोच्या बोटांनाही, परक्या सुराला शिवण्याआधी क्षणभर थांबण्याची बुद्धी लाभो.