बारा मेगापिक्सेलमधले हात

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटले तर मी रागावत नाही. मी बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे. माझ्या पकडीवरचे रबर सुटले आहे आणि बटणांवरची चिन्हे पुसली आहेत. फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांना पिक्सेल म्हणतात. असे एक कोटी वीस लाख ठिपके मी एका वेळी टिपतो. मी या घरात आलो तेव्हा हा आकडा ऐकून पाहुणे मला हातात घेऊन बघत. आता तेवढे ठिपके तुमच्या खिशातला फोनही टिपतो.

माझे मालक छापखान्यात रंगतपासणीस होते. निवृत्तीनंतर ते स्टॉक फोटो काढू लागले. दवाखान्याच्या भिंतीवर किंवा विम्याच्या माहितीपत्रकावर तुम्ही कुणाचा तरी हात, कुणाचा तरी चहाचा कप पाहिला असेल. असे फोटो कुणीतरी आधीच काढून कंपनीकडे ठेवलेले असतात आणि ज्याला हवे तो ते तिथून घेतो. फोटोत माणूस असेल तर त्याच्या संमतीची सही लागते. म्हणून मालक स्वतःचेच हात वापरत. मला तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायचे, दहा सेकंदांचा टायमर लावायचा, लगबगीने खुर्चीत जाऊन बसायचे आणि हात टेबलावर ठेवायचे. हातात कधी किल्ली, कधी गोळ्यांची पट्टी, कधी कोरे पाकीट. त्यांचा चेहरा माझ्या फोटोत कधी आलाच नाही.

मालकीणबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "जगभर फिरून आले तुमचे हात. एकदा भांड्यांकडेही येऊ देत."

मालकांच्या डाव्या अंगठ्याचे नख मधोमध दुभंगलेले होते. तरुणपणी कागद कापायच्या यंत्राने घेतलेला घास होता तो. नख पुन्हा वाढले, पण दोन फाकींत. मालकांनी ती भेग फोटोत कधी पुसली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मनात नवा, साठ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचे आले. कितीतरी दिवस ते माहितीपत्रके चाळत होते. शेवटी त्यांनी मुलीला विचारले. ती त्यांच्या फोटोंना मथळे लिहून देत असे. मान वर न करता ती म्हणाली, "आहे तो काय वाईट आहे, बाबा? उगीच कशाला?" त्यांनी माहितीपत्रके रद्दीत टाकली. मी त्या दिवशी सुखावलो होतो. हे कबूल करायला आज मला जड जाते.

गेल्या हिवाळ्यात मालक अचानक गेले. माझी बॅटरी तेव्हा अर्धी भरलेली होती आणि नऊ फोटो उतरवायचे राहिले होते.

मुलीने ते फोटो उतरवले, कंपनीकडे पाठवले आणि त्यांचे काम पुढे चालू ठेवले. त्याच टेबलावर, त्याच खिडकीशी ती मला बसवत असे. मग कंपनीचे पत्र आले. मोठ्या छपाईला लहान फोटो पुरत नाहीत, म्हणून ठरावीक आकाराखालचे सगळे फोटो मुख्य संग्रहातून काढले जाणार होते. मालकांच्या हातांचा एकही फोटो त्या आकाराचा नव्हता.

ती मला घेऊन दुकानात गेली. दुकानदार ओळखीचे होते, माझी दोनदा दुरुस्ती त्यांनीच केली होती. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले. जुना देऊन नवा घ्यायची सोय होती, तरी त्यांनी तिला इशाराही दिला. नव्या कॅमेऱ्याला भिंगही तसेच चांगले लागते, संगणक दमतो, आणि कुठलीही चूक तो पोटात घालत नाही. "हा तुमचा जुना सज्जन आहे हो," ते माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "झाकून घेतो सगळं." मग त्यांनी नव्या कॅमेऱ्यापुढे स्वतःचा हात धरला. पडद्यावर तो मोठा केला तेव्हा कातडीवरची जाळी, एकेक केस, नखाच्या कडेची शाई सगळे दिसले. दुकानदारांनी हात मागे घेतला. "हे आमच्या घरी दाखवू नका," ते म्हणाले.

मुलगी हसली नाही. बराच वेळ त्या परक्या हाताकडे बघत राहिली. काही न घेता आम्ही परत आलो.

घरी तिने दुसरी वाट धरली. लहान फोटो मोठा करून देणारी एक संगणकप्रणाली असते. तिने मालकांचा किल्ली धरलेला फोटो तिच्यात घातला. मोठा झालेला फोटो सुरेख दिसत होता. तिने तो पाठवला आणि कंपनीने लगेच स्वीकारला. त्या आठवड्यात तिने एकामागून एक पस्तीस फोटो मोठे करून पाठवले.

एका दुपारी मालकीणबाई तिच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "हात कुणाचे गं हे?"

"बाबांचे."

"नाही."

मुलीने अंगठ्यावर नजर नेली. नख अखंड होते. प्रणालीला ती भेग फोटोतला दोष वाटली असावी. जे ठिपके मी टिपलेच नव्हते ते प्रणालीने मनानेच भरले होते आणि भरताना नख सांधून टाकले होते. मुलीने बाकीचे फोटो उघडून पाहिले. पस्तीसही फोटोंत नख धड होते.

तिने ते सगळे कंपनीकडून काढून घेतले. माझे मूळ फोटो आहेत तेवढेच ठेवले. संग्रहातून जातील तर जातील, असे आईला सांगितले. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा मी बाबांना नको म्हणाले नसते तर..." मालकीणबाईंनी तिचे वाक्य पुरे होऊ दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला दुकानात धाडले. "माझ्या हातांवर तरी तो प्रसंग आणू नकोस," एवढेच म्हणाल्या.

अशा रीतीने नवा कॅमेरा घरात आला. मला दुकानात द्यायला तिने नकार दिला. मी खिडकीजवळच्या फळीवर बसलो आणि तिकाटणे त्याला मिळाले.

पहिला फोटो आईच्या हातांचा काढायचे ठरले. संमतीचा कागद टेबलावर ठेवला होता. मालकीणबाईंनी टेबलावरच्या कपाभोवती दोन्ही हात धरले. फोटो पडद्यावर आला. कपाची कड सुरीच्या पात्यासारखी रेखीव होती, बोटे मात्र पुसट. मुलीने पुन्हा काढला, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी कपाची कड रेखीव आणि उजव्या हाताची बोटे दुहेरी. माझ्या फोटोत एवढा फरक दिसलाच नसता. मी चांगला म्हणून पुढे पाठवला असता.

मुलगी पडद्यासमोरून उठली आणि आईच्या हाताकडे बघू लागली.

"आई, हात कापतोय तुझा."

"थंडीने असेल."

"उन्हाळा आहे, आई."

मालकीणबाईंनी कप बाजूला सारला आणि उजवा हात डाव्या हाताखाली घेतला. कधीपासून, असे मुलीने विचारले. त्या पदर सारखा करू लागल्या. सहीचा कागद कोराच राहिला. मुलीने नवा कॅमेरा बंद केला, डॉक्टरांना फोन लावला आणि भेटीची वेळ मिळेपर्यंत आईचा तो हात धरून बसली.

उद्या सकाळी त्या दोघी जाणार आहेत. काय निघेल, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याचे भिंग मऊ कापडाने पुसा आणि बरेच दिवस वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा. नवा घ्यावासा वाटला तर जरूर घ्या, मला वाईट वाटणार नाही. पण आज घरी गेलात की फोटो काढायच्या आधी आपल्या माणसांचे हात जरा हातात घ्या. तिथे कुठलाही कॅमेरा लागत नाही, आणि कुणी तुम्हाला सहीही मागत नाही.