कागदात बसवा

"अक्षर अडीच मिलिमीटरच्या खाली गेलं की तो नकाशा नाही, मुंग्यांची रांग आहे," ताई म्हणाली आणि साहेबांनी पुढे केलेला कागद तिने टेबलावर पालथा ठेवला. "हा मी साइटवर जाऊ देणार नाही."

साहेब हसले. ताईशी वाद घालायच्या भानगडीत ते सहसा पडत नसत. आर्किटेक्ट ते होते, पण अठ्ठावीस वर्षं या ऑफिसातला प्रत्येक कागद ताईच्या हाताखालून गेला होता. आधी ट्रेसिंग पेपर आणि शाईची पेनं, मग कॉम्प्युटर. घर कितीही मोठं काढा, कागदावर ते किती प्रमाणात उतरणार आणि त्यावरचं अक्षर किती उंचीचं पडणार, हे तिला तोंडपाठ. प्रिंट काढताना पडद्यावर एक सोय असते, 'कागदात बसवा'. ती दाबली की कुठलाही नकाशा कुठल्याही कागदात गुमान मावतो, आणि त्याच्या प्रमाणाचे तीनतेरा वाजतात. ते बटण दाबणाऱ्याला ताई दिवसभर बोलायची. ऑफिसात म्हणत, एक वेळ तिच्या डब्याला हात लावा, पण ते बटण दाबू नका.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला.

"काही विशेष नाही गं, पण आईच्या गॅलरीत एक भेग पडलीय. केसासारखी. रंगवाल्याने दोनदा पुट्टी भरली, दोनदा परत आली."

"कुठे? खालून की वरून?"

"वरून. लादीवर. दाराच्या उंबऱ्याला लागूनच, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. अगदी सरळ. तूच आखल्यासारखी."

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. "आई कुठे आहे?"

"तिथेच. खुर्चीत. सकाळी नऊ वाजले की तिला..."

"तिला आत घे."

"अगं, ऊन खातेय ती."

"आत घे म्हणते ना. आणि दाराला कडी लाव. मी येते."

आता ताई का घाबरली, ते सांगायला हवं. अशा गॅलरीखाली खांब नसतो. फळीचं एक टोक बाहेर काढून त्यावर कुणी उभं राहायचं असेल, तर आतल्या टोकावर दुसऱ्याने बसावं लागतं, तसंच हे. बाहेर गॅलरी चार फूट, तर तिला धरून ठेवणाऱ्या सळया आत खोलीच्या स्लॅबमध्ये सहा फूट जायला हव्यात. आतली पकड कमी पडली, की पहिली भेग उंबऱ्यापाशी वरच्या अंगाला येते. त्यानंतर गॅलरी किती दिवस थांबेल, ते कुणी सांगू शकत नाही.

भावाच्या घराचे नकाशे पाच वर्षांपूर्वी ताईनेच काढले होते. तिने लगेच जुनी फाइल उघडली. सळयांचा तो नकाशा पडद्यावर आला. बाहेर चार, आत सहा. बरोबर होतं. तिने दोनदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं आणि मगच श्वास सोडला. म्हणजे घोळ घर बांधणाऱ्या मिस्त्रीने घातला होता. खोटं कशाला बोला, तिला हायसं वाटलं.

ती पोचली तेव्हा मिस्त्री आधीच येऊन अंगणात उभा होता आणि भाऊ त्याला फैलावर घेत होता.

"माझी आई बसते तिथे. पाच वर्षं बसतेय. सळया कापून विकल्यास की काय?"

"नाही साहेब. कागदावर होतं तसंच केलं."

"कागद माझ्या बहिणीने काढलाय. ती चुकणार? अरे, ती स्वप्नातसुद्धा पट्टी लावून मोजते."

मिस्त्रीने ताईकडे पाहिलं. साठीचा, वाळका माणूस. त्याने नमस्कार केला आणि नजर खाली घेतली. भावाने घराची सगळी कागदपत्रं पायरीवर आणून टाकली होती. त्यातून ताईने तो कागद काढला. घडीवर फाटलेला, सिमेंटच्या बोटांचे ठसे उमटलेला, झेरॉक्सची झेरॉक्स. सळयांवरच्या आकड्यांच्या जागी नुसते काळे ठिपके होते. पण खाली कोपऱ्यात, मोठ्या ठळक अक्षरात, प्रमाण मात्र नीट वाचता येत होतं. एकास वीस. आतल्या सळईशेजारी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, सव्वाचार फूट.

ताईच्या पर्समध्ये तिकोनी मापपट्टी कायम असायची. तिने ती कागदावर टेकवली. पट्टीही सव्वाचारच सांगत होती.

तिने कागद हातात धरला, वर केला, लांबी-रुंदी पाहिली.  मूळ कागद दुमडून निम्मा करावा, तेवढाच हा होता.

मग तिला ती संध्याकाळ आठवली. घरचं खाजगी काम, म्हणून नकाशे छापायच्या ऑफिसच्या मोठ्या प्लॉटरला हात लावायचा नाही, हा तिचाच नियम. परवानगीचा मोठा नकाशा बाहेरून छापून आणला होता; गॅलरीचे बाहेरचे चार फूट त्यावर स्पष्ट होते. हा एकच उरला होता आणि भाऊ दारात गाडी चालू ठेवून उभा होता. शेजारचा छोटा प्रिंटर, छोटा कागद. आणि तिने ते बटण दाबलं होतं. एकदाच. नकाशा आकसला, कोपऱ्यातलं प्रमाण तसंच राहिलं, आणि सहा फुटांचे पट्टीवर सव्वाचार झाले. घरी आईने तो कागद हातभर लांब धरून पाहिला होता. "अक्षर फार बारीक पडलंय गं," आई म्हणाली होती. ताई हसली होती. "तुला कुठे सळया बांधायच्यात?"

इथवरसुद्धा एक वेळ ठीक होतं. चूक माणसाच्या हातूनच होते. पण ताईला आणखी एक गोष्ट आठवली, आणि ती पायरीवर बसली. बांधकाम चालू असताना मिस्त्रीचा फोन आला होता. ऑफिसात गडबड होती. "ताई, आतल्या सळईचा आकडा वाचता येईना," तो म्हणाला होता. आणि तिने, जी कधी कुणाला लिहिलेला आकडा सोडून नकाशावर पट्टी लावू देत नसे, तिने सांगितलं होतं, "प्रमाण लिहिलंय ना खाली? मग लावा पट्टी आणि मोजा."

हे मिस्त्रीला आठवत असणारच. तरी तो बोलत नव्हता.

"काय म्हणतो कागद?" भावाने विचारलं.

ताईने कागदाची घडी घातली. "बघते," एवढंच म्हणाली. शब्द ओठांपर्यंत आले होते, पण वर खिडकीच्या गजांमागे आई बसलेली दिसली आणि ते तिथेच राहिले. लेकीने घर काढून दिलं, हे आईने पाच वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं होतं.

मिस्त्री वर गेला. दार किंचित उघडून, पाय बाहेर न ठेवता, पालथं पडून त्याने भेगेवर काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवली. "भेग वाढत असली तर ही तडकेल," तो खाली येऊन म्हणाला. मग हातगाडीवरून आणलेले लाकडी टेकू तो गॅलरीखाली उभे करू लागला.

भाऊ त्याच्या मागे उभा राहून बोलतच होता. "याच्यानंतर या गावात तुला काम मिळालं तर मला विचार. घराघरांत जाऊन सांगेन मी, कसला मिस्त्री आहेस ते."

"सांगा," मिस्त्री म्हणाला. तो टेकूखाली पाचर बसवत होता. "आधी हे होऊ द्या. खालून माणसं जातात."

ताई पायरीवर बसून होती. गप्प राहिलं तर काय होईल, याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप चालला होता. मिस्त्री म्हातारा होता. त्याचं काम गेलं तर गेलं. तिचं ऑफिस होतं, तिचं नाव होतं. हा विचार आपल्याला आला, याचीच तिला शिसारी आली.

आणि वर 'टिक' असा आवाज झाला.

फार लहान आवाज. चहाच्या कपाचा कान तुटावा तेवढा.

"ताई," वरून आई म्हणाली, "तुमची ती काच मोडली बघ."

भाऊ दोन पावलं मागे सरला. "बाहेर ये," तो मिस्त्रीला म्हणाला. आवाज एकदम उतरला होता. "राहू दे ते. बाहेर ये आधी."

"दोन बसलेत. मधला राहिलाय." मिस्त्री हलला नाही. त्याने मधला टेकू उभा केला होता, पण एका हाताने तो धरायचा आणि दुसऱ्याने पाचर ठोकायची, हे त्याला जमेना. टेकू पुन:पुन्हा कलत होता.

ताई उठली. पर्स पायरीवर ठेवली, पदर खोचला आणि गॅलरीखाली गेली.

"ताई, वेडी झालीस का?" भाऊ म्हणाला.

तिने दोन्ही हातांनी टेकू धरला. लाकूड खडबडीत होतं. डोक्यावर गॅलरीचा तळ होता, आणि त्यातून चिमूटभर माती तिच्या केसांवर पडली. आयुष्यात पहिल्यांदा ती आपल्या नकाशाखाली उभी होती.

"कागद छोटा छापला गेला," ती म्हणाली. भावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, एकेक शब्द सुटा. "मी छापला. याला आकडा दिसेना म्हणून याने मला फोन केला. पट्टी लाव, असं मीच सांगितलं. सळया माझ्यामुळे कमी पडल्या. याचा दोष नाही."

भावाने वर खिडकीकडे पाहिलं. आई गजांना टेकून ऐकत होती.

"तुम्हांला आठवत होतं," ताई मिस्त्रीला म्हणाली.

"हो." त्याने पाचर टेकूच्या बुडाशी लावली, हातोडा उचलला आणि थांबला. "तुम्ही म्हणाल, असं वाटलं होतं."

मग त्याने खिशातून ओळंबा काढला, दोरी टेकूच्या कडेला धरली आणि एक डोळा मिटून पाहिलं.

"डावीकडे झुकलाय," तो म्हणाला. "सरळ धरा, ताई."

तिने सरळ धरला.